हबश, हबसाण आणि चोपन्न देश

शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा पाहिला तर ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळजवळ सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या चौदा पट मोठा आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवाकडचे प्रदेश फुगतात आणि विषुववृत्तावरचे त्यामानाने लहान दिसतात, त्याचा हा परिणाम. आफ्रिकेचे क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपल्या भारतासारखे नऊ देश त्यात मावतील. संयुक्त राष्ट्रसंघात या खंडाचे ५४ देश बसतात. तरीही आपल्या बोलण्यात "तो आफ्रिकेला असतो" हे एवढे एकच वाक्य असते. कोणी युरोपला असतो असे आपण म्हणत नाही. जर्मनीला असतो, फ्रान्सला असतो, असे म्हणतो.

या अंकात आम्ही वाचकांना त्या खंडाची एक फेरी घडवणार आहोत. सगळे ५४ देश एका लेखात बसणार नाहीत, आणि बसवले तरी ती नुसती यादी होईल. जिथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे तिथे आपण थांबू, बाकी ठिकाणांवरून पुढे जाऊ.

सुरुवात इथिओपियापासून करणे आम्हाला योग्य वाटते, कारण हा देश आपल्या घरात लहानपणापासून वेगळ्या नावाने येतो. हबश. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा, सन ६१५च्या सुमारास, हजरत मुहम्मद (स.) यांनी सहाबांना समुद्रापलीकडे हबशला जाण्यास सांगितले. तिथला ख्रिस्ती राजा न्यायी आहे, त्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही, हे त्यामागचे कारण. इस्लामच्या इतिहासातली ही पहिली हिजरत. मदिनेची त्यानंतरची. पहिल्या तुकडीत हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्या पत्नी, पैगंबरांची कन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. मागून कुरैशांचे वकील नजराणे घेऊन पोहोचले आणि ही माणसे परत द्या म्हणाले. नजाशीने आधी आश्रितांचे म्हणणे ऐकून घेतले. हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरयममधील आयती वाचल्या तेव्हा राजाची दाढी अश्रूंनी भिजली, असे त्या प्रसंगी हजर असलेल्या हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितले आहे. नजराणे परत गेले, माणसे राहिली. त्यातली काही तर हिजरी सन ७पर्यंत तिथेच होती. नजाशीच्या निधनाची खबर मदिनेत पोहोचली तेव्हा पैगंबरांनी त्याची नमाज-ए-जनाजा गायबाना अदा केली.

आणि आपल्याकडे? घरात मूल जरा सावळे जन्मले की म्हातारी हसत हसत म्हणते, "हबशी दिसतो हो!" मुलगी पाहायला गेलेल्या बायका परत येताना हाच शब्द हलक्या आवाजात वापरतात, आणि तेव्हा त्यात हसू नसते. ज्या भूमीने पहिल्या मुसलमानांना आसरा दिला तिचे नाव आपण रंगाच्या टोमण्याला लावले आहे. हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव मुलाला आनंदाने ठेवायचे आणि त्यांच्या नावापुढचा शब्द शिवीसारखा वापरायचा, हा प्रकार आमच्या समजुतीपलीकडचा आहे. (मिठाईच्या दुकानात मात्र हबशी हलव्याला मान असतो. तिथे काळा रंग कोणालाच खटकत नाही.)

या देशाच्या गमतीही खूप आहेत. इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे असते. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. त्यांची कालगणना आपल्या नेहमीच्या कॅलेंडरपेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते, त्यामुळे जगाने सन २००० साजरे केल्यावर त्यांनी ते सप्टेंबर २००७मध्ये साजरे केले. तास ते सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कोणी तुम्हाला 'तीन वाजता या' म्हणाले तर नऊला जायचे. लिपी स्वतःची, शेकडो वर्षांची. १८९६मध्ये अडवा येथे इथिओपियाच्या फौजेने इटलीच्या सैन्याचा पराभव केला. १९३६ ते १९४१ एवढा इटलीचा ताबा सोडला तर हा देश कोणाची वसाहत झाला नाही.

कॉफीही इथलीच. अरबांच्या नावाने ओळखली जाणारी अरेबिका जात मूळची इथिओपियाच्या जंगलातली. तिथे कॉफीला 'बुना' म्हणतात, अरबीत दाण्याला 'बुन्न', आणि आपल्याकडे जुनी माणसे कॉफीच्या दाण्यांना 'बुंददाणे' म्हणत. पाहुण्यासमोर दाणे भाजून, कुटून, मातीच्या बुधलीत उकळून तीन वेळा कॉफी देतात. तिसऱ्या कपाचे नाव 'बरका', म्हणजे आपली बरकत. तो घेतल्याशिवाय उठायचे नसते. पूर्वेकडे हरार नावाचे कोट असलेले गाव आहे. त्या छोट्याशा गावात ८२ मस्जिदी आहेत, आणि रात्री वेशीबाहेर तरसांना हाताने मांस भरवण्याची रीत आहे.

या हबशचा एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदाद पाहून दख्खनमध्ये पोहोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मलिक अंबर. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. १६१०मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळांनी पाणी आणणारी त्याची नहर-ए-अंबरी आजही अभ्यासकांना चकित करते. १६२६मध्ये तो वारला, त्याची कबर खुलताबादेत आहे. मुरुडसमोरचा जंजिरा किल्ला सांभाळणारे सिद्दीही मूळचे आफ्रिकेचेच. त्यांचे संस्थान १९४८पर्यंत टिकले. त्या मुलखाला जुन्या कागदांत 'हबसाण' म्हटले आहे, म्हणजे हबशींचा मुलूख. 'जंजिरा' हा शब्दही अरबी 'जजीरा'वरून, म्हणजे बेट. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे गाव याच हबसाणात आहे.

इथिओपियाला लागून सुदान. पिरॅमिड म्हटले की इजिप्त आठवतो, पण संख्येने पिरॅमिड सुदानमध्ये जास्त आहेत, दोनशेच्या वर. उंचीने लहान, कडेने अधिक उभे. मेरोए येथे वाळूत त्यांच्या रांगा आहेत. खार्तुम शहरात निळी नाईल आणि पांढरी नाईल एकत्र येतात. एप्रिल २०२३पासून या देशात दोन फौजांमध्ये युद्ध पेटले आणि एक कोटीहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. आपल्याकडच्या बातम्यांत त्याला किती जागा मिळाली, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

इजिप्तबद्दल आपण शाळेत पुष्कळ शिकतो, म्हणून तिथे थांबत नाही. थेट पश्चिम टोकाला, मोरोक्कोला जाऊ. तिथल्या फास शहरात सन ८५९मध्ये फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने वडिलांकडून वारशात मिळालेल्या पैशातून अल-करवीयीन ही मस्जिद बांधवली, असे परंपरा सांगते. मस्जिदीभोवती मदरसा वाढला, त्याचे विद्यापीठ झाले. सतत चालू असलेल्या जगातल्या सर्वात जुन्या शिक्षणसंस्थांत त्याची गणना होते. बाईमाणसाच्या वारशाच्या हिश्श्यावरून आपल्या घरांत आजही जे वाद चालतात, ते पाहता हा तपशील मुद्दाम सांगावासा वाटला.

याच देशातल्या टँजियर शहरात १३०४मध्ये इब्न बतूता जन्मला. एकवीस वर्षांचा असताना हजसाठी निघाला आणि जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या पदरी तो काझी होता, आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. त्याचे प्रवासवर्णन हे जुन्या आफ्रिकेबद्दलचे मोठे साधन आहे. पुढे तो आपल्याला पुन्हा भेटेलच.

सहारा ओलांडला की माली. इथला बादशहा मन्सा मूसा १३२४मध्ये हजला निघाला, तेव्हा वाटेत कैरोत त्याने एवढे सोने वाटले आणि खर्चले की बाजारात सोन्याचा भाव पडला. बारा वर्षांनंतर अल-उमरी हा लेखक कैरोत गेला तेव्हाही भाव पूर्ववत झालेला नव्हता. ही गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. आम्हाला त्यापेक्षा मोठी वाटते ती टिंबक्टूची. सोने, मीठ आणि पुस्तके या तीन मालांवर हे शहर वाढले, आणि पुस्तकांचा व्यापार इतरांइतकाच फायद्याचा होता. फिकह, खगोल, वैद्यक, व्यापाराचे करार अशा विषयांवरची लाखो हस्तलिखिते तिथल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात पेटाऱ्यांत जपली. २०१२मध्ये हत्यारबंद गटांनी शहर घेतले. त्यांनी मजारी पाडल्या, तेव्हा हस्तलिखितांचे काय होणार ते लोकांना कळून चुकले. अब्देल कादर हैदरा या ग्रंथपालाच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ती पत्र्याच्या ट्रंकांत भरली आणि रात्रीअपरात्री गाढवगाड्या, होड्या, जीप, मिळेल त्या वाहनाने शेकडो किलोमीटर दूर राजधानी बामाकोला पोहोचवली. काही जळाली, बहुतेक वाचली. ज्या लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते असे जगाने गृहीत धरले होते, त्यांनी पुस्तकांसाठी जीव धोक्यात घातला.

मालीतच जेन्ने गावात मातीची मस्जिद आहे, मातीच्या इमारतींत जगात सर्वात मोठी. भिंतींतून लाकडी ओंडके बाहेर डोकावतात. ते नुसते शोभेचे नाहीत. दरवर्षी सगळे गाव मिळून मस्जिदीला नव्याने चिखलाचा गिलावा देते, तेव्हा त्याच ओंडक्यांवर चढतात. कोण आधी चिखल पोहोचवतो याची मोहल्ल्या-मोहल्ल्यांत शर्यत लागते. पावसाळ्याआधी घर शाकारणाऱ्या आपल्या जुन्या गावांना हे काम लगेच ओळखीचे वाटेल.

इब्न बतूता १३५२मध्ये मालीत पोहोचला. तिथल्या काही चालीरीती त्याला पसंत पडल्या नाहीत, आणि मेजवानीत मिळालेल्या थोड्याशा अन्नावरून त्याने कुरकुरही केली आहे. पण त्याने हेही लिहून ठेवले की रस्त्यावर प्रवाशाला चोराचे भय नाही, आणि जुम्याला लवकर गेले नाही तर मस्जिदीत जागा मिळत नाही. शुक्रवारी लोक पांढरे स्वच्छ कपडे घालतात. ज्याच्याकडे एकच जुना सदरा असेल तो तोच धुऊन घालतो.

शेजारच्या सेनेगलमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मुसलमान आहेत. १९६०मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले कवी लिओपोल्ड सेंगोर, धर्माने कॅथलिक. वीस वर्षे ते त्या पदावर राहिले आणि १९८०मध्ये स्वतःहून पायउतार झाले. सेनेगलचे पोट फाडून आत गेलेला गांबिया हा देश नकाशावर पाहण्यासारखा आहे: नदीच्या दोन्ही काठांची एक लांबट पट्टी, रुंदी कुठेही पन्नास किलोमीटरला पोहोचत नाही. नदी इंग्रजांची, भोवतालचा मुलूख फ्रेंचांचा, अशी वाटणी झाली आणि एकाच भाषेची, एकाच घरातली माणसे दोन देशांत गेली. सेनेगलच्या दक्षिण भागात जाणाऱ्या ट्रकना या नदीवर पूल मिळाला तो २०१९मध्ये.

नायजेरिया लोकसंख्येत सगळ्यांत मोठा, वीस कोटींच्या वर. पाचशेहून जास्त भाषा. उत्तरेकडच्या कानो शहरात हिंदी चित्रपट कित्येक दशके इतके चालले की तिथल्या हौसा भाषेतली गाणी त्याच चालींवर बांधली गेली.

खंडाच्या मधोमध रवांडा आहे. १९९४मध्ये शंभर दिवसांत तिथे सुमारे आठ लाख माणसांची कत्तल झाली. बहुतेक मारले गेले ते तुत्सी, आणि मारणारे अनेकदा शेजारीच होते. चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांनाही सोडले नाही. मुसलमान तिथे अगदी थोडे, आणि त्यांच्यातही हुतू-तुत्सी दोन्ही. पण त्यांच्या मोहल्ल्यांत अनेकांनी तुत्सींना घरांत आणि मस्जिदींत लपवले. मुसलमानांपैकी कोणीच हात रंगवले नाहीत असे म्हणता येणार नाही, तरी एकूण समाज म्हणून ते त्या आगीपासून बरेच बाजूला राहिले, हे नंतरच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. आज रवांडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. संसदेत स्त्रिया बहुसंख्य झालेला जगातला हा पहिला देश, २००८मध्ये. त्याच वर्षी प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सगळा देश रस्ता झाडायला, गटार उपसायला, झाडे लावायला बाहेर पडतो.

आता पूर्व किनारा. इथे आल्यावर कोकणातल्या माणसाला परके वाटणार नाही. त्याचे कारण वारा. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणारा वारा आपल्या किनाऱ्यावरची गलबते आफ्रिकेला नेई, आणि पुढे दिशा बदलून तोच नैर्ऋत्येचा होऊन त्यांना परत आणी. स्वाहिली भाषेत पहिल्याला 'कास्काझी' आणि दुसऱ्याला 'कुसी' म्हणतात. हा दुसरा वारा म्हणजे आपला मान्सून. जूनमध्ये आपल्या कौलांवर कोसळणारा पाऊस केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला घासून आलेल्या वाऱ्यावरच येतो.

सोमालियाचे नाव आपण समुद्री चाचे आणि दुष्काळ यांच्यापुरते ऐकतो. १३३१मध्ये इब्न बतूता मोगादिशूच्या बंदरात उतरला, तेव्हाची रीत अशी होती: गलबत दिसले की तरुण मुले झाकलेल्या ताटांत जेवण घेऊन छोट्या होड्यांतून येत आणि एकेका व्यापाऱ्यापुढे ताट ठेवून हा माझा पाहुणा असे जाहीर करीत. त्याच्या मुक्कामाची आणि सौद्याची जबाबदारी मग त्या यजमानाची. जेवणाचाही तपशील त्याने दिला आहे. तुपातला भात, वर मांस-मासळीचे कालवण, दुधात शिजवलेली कच्ची केळी, लिंबाचे लोणचे, ओले आले, आंबे. ताट मोगादिशूचे, पण रत्नागिरीत कोणी नको म्हणेल का? सोमाली माणूस आजही भाताबरोबर पिकले केळे खातो. त्यांची भाषा कवितेसाठी प्रसिद्ध आहे, पण तिची अधिकृत लिपी ठरली १९७२मध्ये. त्याआधी शेकडो ओळींचे काव्य तोंडपाठ करून उंटांच्या काफिल्यांबरोबर गावोगाव पोहोचे.

केनियाचे लामू हे बेट-शहर इतके अरुंद गल्ल्यांचे आहे की तिथली वाहतूक गाढवांवर चालते. टांझानिया हा देश १९६४मध्ये टांगानिका आणि झांझिबार एकत्र येऊन झाला. लवंगेच्या व्यापारात झांझिबारचे नाव एके काळी जगभर होते. या साऱ्या पट्ट्यात स्वाहिली चालते. 'साहिल', म्हणजे किनारा, या अरबी शब्दावरून तिचे नाव पडले. त्यात गाडीला 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', पुस्तकाला 'किताबू', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी', लोणच्याला 'अचारी'. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला 'कचुंबरी'. चाय आणि चपाती जशीच्या तशी. मासे आणि भात नारळाच्या रसात शिजवतात. व्यापारी परत गेले, पण त्यांचे शब्द आणि चवी तिथेच राहिल्या. गुलामांचा व्यापारही याच बंदरांतून, याच वाऱ्यावर चालला आणि त्यात मुसलमान व्यापारीही होते, हेही या इतिहासातच येते. जंजिऱ्यापर्यंत पोहोचलेले सगळे हबशी खुशीने गलबतात चढले नव्हते.

समुद्रात थोडे पुढे मादागास्कर. हे बेट आफ्रिकेला चिकटून, पण तिथली भाषा इंडोनेशियाच्या बोर्निओकडची. दीड हजार वर्षांच्या आसपास झाले, माणसे होड्यांतून हिंदी महासागर ओलांडून आली.

दक्षिण आफ्रिकेच्या पोटात लेसोथो नावाचा आख्खा स्वतंत्र देश आहे. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकाच. समुद्रसपाटीपासून १४०० मीटरच्या खाली त्याची एक इंचही जमीन नाही. आपले महाबळेश्वर साधारण तेवढ्या उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वरची उंची तिथे सगळ्यात सखल भागाची.

आणि शेवटी केपटाऊन. डच लोकांनी इंडोनेशिया, श्रीलंका, भारत इथून गुलाम आणि राजकैदी आणून इथे ठेवले. त्यातला एक, तिदोर बेटाचा अब्दुल्ला इब्न काझी अब्दुस्सलाम, लोक त्याला तुआन गुरू म्हणत. पुढे नेल्सन मंडेला ज्या रॉबेन बेटावर कैदेत होते, तिथेच हा दोनशे वर्षे आधी कैदी होता. त्याने तिथे आठवणीतून कुरआन लिहून काढला. सुटल्यावर त्याने मुलांसाठी मदरसा काढला, आणि बो-काप वस्तीत अव्वल मस्जिद उभी राहिली. साल १७९४. तिची जमीन सार्ची नावाच्या, गुलामीतून मुक्त झालेल्या स्त्रीच्या मालकीची होती. या वस्तीतल्या मदरशांत मुले घरची बोली अरबी अक्षरांत लिहू लागली. आज गोऱ्यांची भाषा म्हणून ओळखली जाणारी आफ्रिकान्स सर्वात आधी लिहिणाऱ्यांत या गुलामांची मुले होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरीकडची माणसेही बोटीने केपटाऊनला पोहोचली. त्यांच्या वंशजांना तिथे आजही 'कोकणी' म्हणूनच ओळखतात. ते तिथल्या जुन्या मुसलमानांत सोयरिकी करत मिसळून गेले. केपटाऊनमध्ये रमजान संपताना लोक समुद्रकाठी जमतात, मगरिबची जमात तिथेच होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणारी ठरावीक माणसे पश्चिमेकडे नजर लावून उभी राहतात. त्यांनी चंद्र पाहिला की गावात ईद. या चंद्र पाहणाऱ्यांना तिथल्या भाषेत म्हणतात 'मानकेकर'. आडनाव चिपळूणकडचे वाटते, पण आहे अस्सल आफ्रिकान्स.